वाळवंटातील वणवा आणि मृतांची मोजदाद

वैशाख लागला की आपल्या वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात उष्णतामानाची एक चौकट दिसू लागते. चंद्रपूर अमुक अंश, अकोला तमुक अंश, नागपूर त्यांच्या मागोमाग. वाचक सकाळच्या चहाबरोबर ते आकडे वाचतो, ‘यंदा जरा जास्तच आहे’ असे दरसालचे वाक्य दरसालच्याच सुरात उच्चारतो आणि पान उलटतो. याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांत, माणसे सकाळी उठून प्रथम आकाशाकडे आणि मग डोंगराकडे पाहतात. आकाशात ढग नाही ना, आणि डोंगरावर धूर नाही ना, या दोन प्रश्नांवर त्यांचा मे आणि जून जातो. ढग हवा असतो, पण नुसता कोरडा ढग नको असतो. धूर तर नकोच असतो. तेथील या आगीविषयी आणि उन्हाविषयी आज आम्ही येथे लिहीत आहोत.

इतक्या दूरच्या वणव्यावर पहिल्या पानाची जागा खर्च करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. टेंपीच्या विद्यापीठात आणि चँडलरच्या कारखान्यांत आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुले-सुना आहेत, हे त्याचे एक उत्तर झाले. पण ते पुरेसे नाही. खरे उत्तर असे की, ऊन आणि आग ही ईश्वरी करणी आहे, तिच्यापुढे सरकारचे व समाजाचे काय चालणार, अशी जी एक सोयीची समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे, तिची परीक्षा या प्रदेशात फार चांगल्या रीतीने होते. ज्या प्रदेशाइतके निर्दय ऊन क्वचितच कोठे पडत असेल, त्या प्रदेशानेच ‘हे सारे उन्हाचे काम नव्हे, यात आमचाही हात आहे’ असे लेखी कबूल केलेले आहे. ती कबुली कशी घडली आणि तिच्यापासून आपण काय घ्यावयाचे, हा आजचा विषय आहे.

प्रथम तेथील हवामान समजून घेतले पाहिजे. सोनोरन वाळवंट हे सहाऱ्यासारखे वाळूचे ओसाड पठार नाही. वर्षातून दोनदा, हिवाळ्यात थोडा आणि जुलै ते सप्टेंबरात थोडा, असा तेथे पाऊस पडतो. त्याच्या बळावर तेथे काटेरी झुडपे, बाभळीच्या जातीची झाडे आणि सग्वारो नावाचा चाळीस-चाळीस फूट उंच वाढणारा निवडुंग उभा असतो. या दोन पावसांच्या मधला काळ, म्हणजे मे आणि जून, वर्षातला सर्वांत कोरडा. जुलैच्या आरंभाच्या सुमारास मेक्सिकोकडून दमट वारे वर सरकतात. त्यांना तेथील लोकही ‘मान्सून’च म्हणतात, आणि सरकारी दप्तरात १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्या मान्सूनचा हंगाम नोंदलेला आहे. त्या भूमीचे मूळ रहिवासी टोहोनो ओओधम हे जूनच्या अखेरीस सग्वारोची लाल फळे लांब काठीने पाडून घेतात, आणि पावसाबरोबर त्यांचे नवे वर्ष सुरू होते. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही कालगणना परकी वाटणार नाही.

परंतु पावसाची वाट पाहण्याचा हाच काळ आगीचा काळ असतो. दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली उतरते. अशा हवेत गवताची मेलेली काडी तासाभरात हवेइतकी कोरडी होते. मनगटाहून जाड ओंडक्याला त्यासाठी हजार तास लागतात, असा वनखात्याच्या तज्ज्ञांचा हिशेब आहे. हजार तास म्हणजे सुमारे सहा आठवडे. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत नेमके तेवढेच दिवस होतात. म्हणून जून अर्धा सरला की डोंगरावरचे पडलेले वृक्ष वखारीत भट्टी देऊन सुकवलेल्या लाकडाइतके, किंवा त्याहूनही कोरडे झालेले असतात. मग आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या खाली असताना ताशी तीसचाळीस किलोमीटरचा वारा काही तास वाहणार असे दिसले की हवामानखाते ‘लाल निशाणा’चा इशारा देते. त्याचा अर्थ एवढाच की, आज ठिणगी पडली तर ती आवरणे माणसाच्या हातचे राहील असे समजू नका. आणि ज्या मान्सूनकडे सर्वांचे डोळे, त्याचे पहिले ढग येतात तेही रिकाम्या हाताने. पावसाचे थेंब जमिनीपर्यंत पोचण्यापूर्वीच तापलेल्या हवेत विरून जातात. खाली येते ती केवळ वीज, आणि ढगाबरोबर कोसळणारा सैरभैर वारा.

येथवर सारा निसर्गाचा खेळ झाला. तो हजारो वर्षे असाच चालला होता, आणि तरीही सग्वारोचे रान जळत नव्हते. याचे कारण साधे आहे. वाळवंटातील झाडे पाण्यासाठी एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, मधली जमीन उघडी असते, आणि विजेने एखादे झुडूप पेटलेच तर ती आग शेजारच्या झुडपापर्यंत पोचण्यापूर्वी मरून जाते. ही रिकामी जमीन हेच वाळवंटाचे कवच होते. ते माणसाने आपल्या हातांनी बुजविले. १९३०च्या दशकात गुरांना चारा व्हावा आणि माती धरून राहावी म्हणून अमेरिकेच्या सरकारी खात्यांनी परदेशी गवतांचे प्रयोग सुरू केले. त्यांतील एक गवत आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेले आहे. आपण त्याला अंजन म्हणतो. राजस्थानच्या मारवाडात आणि आपल्या कोरडवाहू मुलखात ते उत्तम वैरण म्हणून लावले जाते, आणि ते लावणाऱ्यास कोणी दोष देणार नाही. येथे ते गुरांच्या तोंडी जाते, आणि येथील रान त्याच्या सोबतीने वाढलेले आहे. तेथे मात्र ते कुरणाची वेस ओलांडून टेकड्यांवर चढले, निवडुंगांच्या मधली मोकळी जमीन त्याने भरून काढली, आणि जेथे आग धावू शकत नव्हती तेथे तिला वाट करून दिली. ते पेटले की आच सातशे अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आग विझल्यावर मुळांतून ते पुन्हा फुटते. सग्वारो फुटत नाही. ज्या झाडाला पहिली फांदी फुटावयास पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात आणि जे दीडशे वर्षे जगते, त्याचा एका दुपारी कोळसा होतो. २००५ साली ॲरिझोना सरकारने या गवताला उपद्रवी तण ठरविले. आज टूसॉनभोवतीच्या टेकड्यांवर स्वयंसेवक पहारी घेऊन त्याचे एकेक ठोंब उपटीत असतात. आजोबांनी मोठ्या कौतुकाने पेरलेले नातवांनी घाम गाळून उपटावे, असा हा प्रकार आहे.

त्यात पुन्हा एक विलक्षण गोष्ट अशी की, वाळवंटात आग लागते ती अवर्षणाच्या वर्षी नव्हे, तर चांगल्या पावसाच्या हिवाळ्यानंतर. पाऊस झाला की ही परदेशी गवते गुडघाभर वाढतात, आणि मे महिन्यात त्यांचे सरपण होते. २००५ साली फिनिक्सच्या उत्तरेस सुमारे दोन लाख चव्वेचाळीस हजार एकर रान जळाले ते ओल्या हिवाळ्यानंतर. २०२० साली एका पेटलेल्या मोटारीपासून सुरू झालेली आग एक लाख त्र्याण्णव हजार एकरांवर पसरली, तीही तशीच. बृहन्मुंबईचे सारे क्षेत्र सुमारे दीड लाख एकर भरते, एवढे सांगितले म्हणजे या आकड्यांचा आवाका वाचकांच्या ध्यानी येईल.

खालच्या वाळवंटात आग नको होती तेथे ती आणली गेली. वरच्या डोंगरांत ती हवी होती, तर तेथून ती हाकलली गेली. दोन्ही चुका एकाच शतकातल्या आणि एकाच राज्यकर्त्या बुद्धीच्या. पाइन वृक्षांच्या त्या उंच जंगलांत दर काही वर्षांनी जमिनीलगत एक मंद आग फिरून जात असे. पालापाचोळा आणि रोपटी जळत, मोठे वृक्ष सालीवर एक व्रण घेऊन उभे राहत. हे अनुमान नव्हे, तो पुरावा वृक्षांच्या खोडातच आहे. ए. ई. डग्लस नावाच्या खगोलवेत्त्याने वृक्षांच्या वर्तुळांवरून काळ मोजण्याचे शास्त्र याच प्रदेशात उभे केले, आणि टूसॉनच्या विद्यापीठात १९३७ साली त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. त्या वर्तुळांत आगीचे डाग मोजता येतात. पण १९१० साली अमेरिकेच्या वायव्य भागात प्रचंड वणवे पेटले, आणि त्या धक्क्याने वनखात्याने प्रत्येक आग ही शत्रू मानली. १९३५ साली तर असा नियमच झाला की, आज कळलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. कचेरीत हा नियम फार शिस्तीचा वाटला असेल. जंगलात त्याचा परिणाम असा झाला की, जो पाला दर चारसहा वर्षांनी जळून जावयाचा तो ऐंशी वर्षे साठत राहिला. रोपट्यांची दाटी झाली. आणि अखेर आग आली ती जमिनीवरून न चालता शेंड्यांवरून धावत आली. २००२ साली चार लाख अडुसष्ट हजार एकर, २०११ साली पाच लाख अडतीस हजार एकर, अशी ही चढती कमान आहे. २०११ची आग दोन सहलकऱ्यांनी नीट न विझविलेल्या शेकोटीतून पेटली होती. २०१७ साली टूसॉनच्या दक्षिणेस सत्तेचाळीस हजार एकर जळाले, त्याचे कारण आणखीच नवलाचे. येणारे बाळ मुलगा की मुलगी हे इष्टमित्रांना रंगीत धुराने कळविण्यासाठी एका हौशी पित्याने स्फोटक भरलेल्या लक्ष्यावर बंदुकीची गोळी झाडली होती. आणि तीही वाळल्या गवतात! मूर्खपणाला हवामानाचे साहाय्य मिळाले की त्याचे क्षेत्रफळ किती वाढते, याचे हे उदाहरण आहे.

सामान्य नागरिकाच्या मूर्खपणाला शासन करणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती सरकारच स्वतः आग लावते तेव्हा. साठलेले जळण कमी करण्यासाठी हवामान पाहून, माणसे उभी करून, मुद्दाम लहान आग लावावी, हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या तेच करीत आले होते. पण शास्त्र शुद्ध असले तरी ते हाताळणारी यंत्रणा शुद्ध असतेच असे नाही. ४ मे २००० रोजी राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या खात्याने न्यू मेक्सिकोत अशीच एक आग लावली. ती हाताबाहेर गेली आणि लॉस अलामोस गावातील चारशेहून अधिक कुटुंबे बेघर झाली. त्यानंतर नियम कडक झाले. तरीही ६ एप्रिल २०२२ रोजी वनखात्याने सँटा फे वनात लावलेली आग वाऱ्याने पळाली. त्याच वनात जानेवारीत जाळलेल्या फांद्यांच्या ढिगाची धग बर्फाखाली तीन महिने जिवंत राहिली होती, ती एप्रिलमध्ये पुन्हा पेटली. आणि दोन्ही आगी एकत्र होऊन तीन लाख एकेचाळीस हजार एकर भस्म झाले. नऊशेंहून अधिक घरे आणि इमारती गेल्या. शेकडो वर्षांचे जुने कालवे राखीत आलेली स्पॅनिशभाषी शेतकऱ्यांची गावे उद्ध्वस्त झाली, आणि मागून आलेल्या पावसात जळक्या उतारांवरून पूर येऊन तिघे दगावले.

यापुढचा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. वनखात्याने ‘चौकशी चालू आहे’ असे सांगून वर्षानुवर्षे काढली नाहीत. तीन महिन्यांच्या आत त्याने आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि जंगल आपल्या अंदाजाहून कितीतरी कोरडे होते हे त्यात मान्य केले. देशभर अशा आगी लावण्याचे काम नव्वद दिवस थांबविण्यात आले. अमेरिकेच्या संसदेने त्याच वर्षी दोन टप्प्यांत मिळून जवळजवळ चार अब्ज डॉलर भरपाईसाठी मंजूर केले. त्या पैशाच्या वाटपात दिरंगाई झाली, वृद्ध शेतकऱ्यांना कागदांसाठी खेटे घालावे लागले, तेथील वृत्तपत्रांनी त्यावरून सरकारला धारेवर धरले, हे सारे खरे. आम्ही त्या देशाच्या कारभाराची आरती ओवाळण्यास बसलेलो नाही. परंतु ‘आग आम्ही लावली’ हे तीन शब्द एका सरकारी खात्याने सही करून लिहून दिले, ही गोष्ट क्षुल्लक नाही. सरकार चुकते तेव्हा त्याच्याविषयी विश्वास कमी होतो. सरकार लपविते तेव्हा तो नाहीसा होतो.

निर्णयाची ही जबाबदारी किती कठीण आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ४ जुलै २०२५ रोजी ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर विजेने एक लहान आग लागली. ती एकदम न विझविता आखलेल्या सीमेत जळू द्यावी, असे आरंभी ठरले. वर सांगितलेल्या शास्त्राप्रमाणे तो विचार निराधार नव्हता. आठवड्याभरात वारा उलटला, आणि १९३७ साली पुन्हा उभारलेले तेथील प्रसिद्ध विश्रामगृह जळून खाक झाले. विझवावी तर उद्याचे जळण साठते; जळू द्यावी तर आजचे घर जाते. अशा पेचात पडणाऱ्या अधिकाऱ्यावर दुसऱ्या दिवशी घरी बसून टीका करणे सोपे आहे. पण म्हणूनच त्याच्या निर्णयाची कारणे लोकांपुढे यावयास हवीत.

या पेचाची किंमत सर्वांत आधी कोण देतो? ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल गावाजवळ प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन पथकातील एकोणीस जवान एका खोलगट दरीत आगीने वेढले जाऊन मृत्यू पावले. वीस जणांचे पथक. टेहळणीवर असलेला एकच वाचला. दोन दिवसांपूर्वी कोरड्या विजेने लागलेली ती आग तशी मोठी नव्हती. दुपारी ढग जमले. ज्या ढगांची सारे वाट पाहत होते त्यांच्याच पोटातून वारा सुटला, त्याने दिशा बदलली, आणि आग उलट फिरली. मान्सूनचा पहिला निरोप त्यांना असा मिळाला. बहुतेक जण विशी-तिशीतले होते. पथक ज्या गावाकडे निघाले होते ते गाव रानाच्या पोटात शिरून वसलेले होते. रानाच्या कुशीत घर बांधण्याची हौस एकाची आणि ते वाचविण्यासाठी प्राण देणारा दुसरा, ही वाटणी न्याय्य आहे काय, असा प्रश्न तेव्हापासून तेथे विचारला जात आहे. आमच्या मते तो विचारला गेलाच पाहिजे.

वणव्याला ज्वाळा असतात, म्हणून त्याची छायाचित्रे छापली जातात. उन्हाला ज्वाळा नसतात. त्या प्रदेशातील खरे मृत्यू मात्र उन्हाचे आहेत. जुन्या कालव्यांच्या अवशेषांवर पुन्हा उभे राहिलेले नगर म्हणून, राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव घेतलेले फिनिक्स शहर १९५० साली जेमतेम एक लाख सात हजार वस्तीचे होते. २०२०च्या शिरगणतीत ती वस्ती सोळा लाखांवर गेली. हा चमत्कार धरणांनी आणि वातानुकूलन यंत्राने घडविला. पण डांबर आणि काँक्रीट दिवसभर पिऊन घेतलेले ऊन रात्री परत देतात. २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस तेथील कमाल उष्णतामान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या खाली आले नाही. सलग १६ रात्री पारा ९० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या खाली उतरला नाही. रात्री देहाला विसावा मिळाला नाही म्हणजे दुसऱ्या दिवशीचे ऊन जीव घेते. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा जिल्ह्यात उष्णतेने ६४५ माणसे मेली. २०१४ साली हाच आकडा ६१ होता.

हा आकडा त्या जिल्ह्याला ठाऊक आहे तो कसा? कारण तो मोजला जातो. उष्णतेचा संशय असलेला प्रत्येक मृत्यू तेथील वैद्यकीय तपासनीसाकडे जातो. प्रेत सापडले तेव्हा खोली किती तापलेली होती, वातानुकूलन यंत्र होते की नव्हते, होते तर चालू होते की बंद, मनुष्य घरात होता की रस्त्यावर, हे लिहून घेतले जाते, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला त्याचा तक्ता प्रसिद्ध होतो. या तक्त्यांनी काय सांगितले? २०२३च्या मृतांत जवळजवळ निम्मे बेघर होते. सुमारे चौथाई माणसे घराच्या आत मेली. आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी यंत्र होते, पण ते बिघडलेले किंवा बंद होते. उष्णता हवामानखात्याच्या मालकीची असेल. मृत्यूचा पत्ता मात्र गरिबीच्या गल्लीत सापडला. २०१८ साली बाहत्तर वर्षांच्या एका वृद्धेने ५१ डॉलरांचे बिल थकविले म्हणून वीज कंपनीने ऐन उन्हात तिचा पुरवठा तोडला, आणि ती घरातच मेली. लोकक्षोभ उसळला, आणि पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात थकबाकीसाठी घरगुती वीज तोडण्यास बंदी आली. २०२१ साली फिनिक्सने केवळ उष्णतेसाठी स्वतंत्र खाते काढले. मार्च २०२४ मध्ये पालिकेच्या कंत्राटदारांवर मजुरांना पाणी, सावली आणि विसावा देण्याची सक्ती झाली, आणि त्या उन्हाळ्यात काही थंड निवारे रात्रभर उघडे राहिले. २०२४चा उन्हाळा सौम्य नव्हता. सलग ११३ दिवस पारा शंभर अंश फॅरनहाइटवर होता. तरीही मृतांचा आकडा ६०८वर उतरला. ही उतरण लहान आहे, आणि तिच्यावरून विजयाचे नगारे वाजविणे उतावीळपणाचे होईल. पण कित्येक वर्षांच्या चढणीनंतर आलेली ती पहिली उतरण आहे, आणि मोजदाद नसती तर ती उतरण आहे हेही कोणाला कळले नसते.

आता आपल्या घराकडे वळू. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर लाखोंच्या सरकारी सोहळ्यात भर दुपारी बसविलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जण उष्माघाताने गेले. त्या दिवशीचे उष्णतामान विदर्भाच्या मानाने काहीच नव्हते. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि पारा चाळिशी न गाठताही मनुष्य मरतो, ही गोष्ट व्यवस्थेच्या गावीही नव्हती. ते चौदा मृत्यू मोजले गेले, कारण ते सोहळ्यात घडले. शेतात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या डांबरावर, पत्र्याच्या खोलीत घडणारे मृत्यू कोण मोजतो? आपल्या देशात उष्णतेच्या बळींचा एका खात्याचा आकडा दुसऱ्या खात्याच्या आकड्याशी जुळत नाही. दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले की ऊन निर्दोष सुटते. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू अधिक झाले, हे संशोधकांनी स्मशानापर्यंतच्या नोंदी तपासल्या तेव्हा उघड झाले. त्यातूनच २०१३ साली त्या शहराची उष्माप्रतिबंधक योजना निघाली, आणि मग नागपूरसारख्या शहरांनी तिचा कित्ता गिरविला. म्हणजे आधी मोजले, मग सुचले. हा क्रम उलटा होऊ शकत नाही.

वणव्याचेही तेच. आपल्याकडे सह्याद्रीच्या उतारांवर नवे गवत चांगले फुटते या समजुतीने, आणि विदर्भाच्या रानात मोहाची फुले दिसावीत किंवा तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून, फाल्गुन-चैत्रात पाला पेटविला जातो. वनखाते जाळरेषा काढते, आणि आग लागली की ‘अज्ञात इसमा’विरुद्ध गुन्हा नोंदवते. हा अज्ञात इसम आपल्या जंगलांत वर्षानुवर्षे वावरतो आहे, आणि तो कोणी, का व कशासाठी काडी ओढतो याचा हिशेब क्वचितच लागतो. मोहाची फुले वेचणाऱ्या आदिवासी बाईला झाडाखाली अंथरावयास जाळे मिळाले तर ती पाला कशाला पेटवील? तिला गुन्हेगार ठरविणे स्वस्त आहे. तिच्या हाती जाळे देणे थोडे महाग, पण अखेर तेच परवडणारे. ॲरिझोनाने शतकभर सर्व आगींना शत्रू मानले आणि मग त्याचे फळ भोगले. आपणही केवळ बंदीच्या फलकांवर विसंबलो, तर आपले फळ त्याहून गोड असेल असे मानावयास आधार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकाने मार्च ते जून या काळातील संशयित उष्णतामृत्यूंची चौकशी करून दर आठवड्यास आकडा जाहीर करावा. मग तो कितीही लाजिरवाणा असो. दुपारच्या ठराविक तासांत उघड्यावरील मजुरी आणि मेळावे यांवर कायद्याने बंधन यावे, आणि त्या तासांची मजुरी बुडू नये. कारण रोज बुडाला तर मजूर सावलीत थांबणार नाही. उन्हाळ्यात गरिबाच्या घरची वीज थकबाकीसाठी तोडू नये. आणि जंगलातील प्रत्येक मोठ्या आगीचे कारण शोधून त्याचा अहवाल लोकांपुढे ठेवावा, त्यात खात्याची चूक असेल तर ती खात्याच्याच सहीने. यांपैकी एकाही गोष्टीला अमेरिकेइतकी संपत्ती लागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला तर कागद, शाई आणि थोडे धैर्य यांपलीकडे काहीच लागत नाही.

जूनअखेर फिनिक्सच्या क्षितिजावर ढग जमतील आणि टोहोनो ओओधम आपले नवे वर्ष मांडतील. आपल्याकडे मृगाच्या सरी कोसळतील, रस्त्यावर मातीचा वास सुटेल, आणि उन्हाळा कसा होता हे आपण आठ दिवसांत विसरून जाऊ. पाऊस आग विझवतो, धूळ बसवतो आणि स्मरणही धुऊन नेतो. म्हणून यंदाच्या वैशाखात कोण गेले, कोठे गेले आणि कशाने गेले, हे पहिली सर येण्यापूर्वी लिहून ठेवावयास हवे. ज्या मृत्यूची नोंद नाही, त्याची जबाबदारीही कोणाची नसते. आणि जबाबदारी कोणाचीच नसली, की पुढच्या वैशाखात तोच आकडा, तीच चौकट आणि तेच ‘यंदा जरा जास्तच आहे’ हे वाक्य आपल्या वाट्याला येते.